कुरळ्या केसांची निगा: नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

रानजाई (इंदिरानगर)

माझ्या लेकीचे केस कुरळे आहेत आणि तिला ते नको आहेत. चौथीत आहे. वर्गात तिला 'मॅगी' म्हणतात. घरी येणारं प्रत्येक माणूस तिच्या डोक्यावर हात फिरवून "तेल घाल गं भरपूर, बसतील" असं सांगून जातं. दिवाळीनंतर माझ्या भावाचं लग्न आहे आणि तिने आत्तापासून हट्ट धरलाय, मामाच्या लग्नात केस सरळ करायचे.

माझे स्वतःचे केस सरळ, त्यामुळे मला यातलं फारसं कळत नाही. सासरी मात्र आजेसासूबाईंपासून सगळ्यांचे कुरळे. त्या घरात उपाय एकच चालत आलाय: खोबरेल तेल चोपडायचं आणि ओढून दोन वेण्या घालायच्या. रविवारी न्हाणं झालं, केस वाळले, की आम्ही दोघी गुंता सोडवायला बसतो. ती रडते, मी वैतागते, कंगव्यात केसांचा पुंजका येतो. तोंडाने "तुझे केस किती छान आहेत" म्हणायचं आणि हाताने ते असे ओढायचे, हे मला पटेनासं झालंय.

कॉलेज रोडला एका पार्लरमध्ये चौकशी केली, तर "केराटिन करून टाका, पुढचे काही महिने बघायला नको" म्हणाले. एवढ्या लहान मुलीला? मी तशीच परत आले.

मला जाणून घ्यायचंय की गुंता न रडता कसा सोडवायचा, तेल लावावं की नाही, शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत त्याचं काय करायचं. आणि आमच्या सोसायटीत निम्मा दिवस बोअरचं पाणी असतं, त्याचा काही संबंध आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.


कृष्णकमळ (गंगापूर रोड)

रानजाई, परत आलात हे फार बरं केलंत.

माझे केस कुरळे आहेत, आईचे होते, आता मुलाचेही आहेत. रविवारच्या कार्यक्रमात आधी एकच गोष्ट बदला. वाळलेल्या केसांना कंगवा लावायचा नाही. बाकी सगळं सावकाश होऊ द्या, पण हे याच रविवारपासून करा.

कारण सांगते. कुरळा केस टाळूच्या आत ज्या पिशवीतून उगवतो ती पिशवीच वाकलेली असते. केस आडवा कापून पाहिला तर सरळ केसाचा काप गोलाकडे झुकतो, कुरळ्याचा लंबगोल, चपटा. टाळूला सुटणारं तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतं, कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे, अशी तक्रार बहुतेक कुरळ्या डोक्यांची असते. केसाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खवले असतात, ते वळणावर उचललेले राहतात आणि शेजारच्या केसात अडकतात. तो तुमचा गुंता. कोरड्यात ओढलं की केस सुटत नाही, तुटतो.

आता कृती. न्हाताना शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. लांबीवरून फेस वाहून जातो तेवढा पुरे. मग कंडिशनर, आणि तो मोठ्या माणसाला लागेल त्याहून जास्त वाटला तरी चालेल. केस निथळते ओले असताना, कंडिशनर अंगावर असतानाच, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून वर वर जायचं. मुळाकडून खाली कधीच नाही. एका हाताने बट मुळाशी धरून ठेवली की टाळूला ओढ बसत नाही. तुमची लेक रडणार नाही, बघा.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. ओंजळीत केस घेऊन टोकाकडून मुळाकडे मुठीत दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. पाणी लागलं की केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. ज्या आकारात केस वाळेल तो आकार पुढच्या ओलाव्यापर्यंत टिकतो. म्हणून वाळेपर्यंत हात लावायचा नाही, विंचरायचं नाही, डोक्यावर ओढणी घासू द्यायची नाही. पावसाळ्यात केस फुलतात तेही याच कारणाने. हवेतला दमट ओलावा हे बंध जागोजागी विस्कटतो.

ही पद्धत इंटरनेटवर 'कर्ली गर्ल मेथड' म्हणून सापडेल. न्यूयॉर्कच्या लॉरेन मॅसी यांनी २००१ मध्ये ती पुस्तकातून मांडली. त्यात शाम्पूत सल्फेट नको, कंडिशनरमध्ये सिलिकॉन नको, उष्णता नको असे कडक नियम आहेत. मी ते सगळे शब्दशः पाळत नाही आणि लहान मुलीसाठी तर अजिबात गरज नाही. ओल्यात विंचरणं, भरपूर कंडिशनर आणि वाळेपर्यंत धीर, यात बहुतेक काम होतं.

जेलबद्दल वेगळं लिहिते, आत्ता मुलाला क्लासला सोडायचंय.


पंचवटीकर आजी

मुलींनो, टॉवेलऐवजी पंचा घ्या. साधा सुती पंचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. आमच्या वेळी घरात दुसरं काही नसायचंच. टर्किश टॉवेलचे दोरे केसात अडकतात, पंच्याचे अडकत नाहीत. पलंगावर पंचा पसरायचा, मान खाली घालून सगळे केस त्याच्या मध्यावर सोडायचे आणि पंचा मानेमागून फिरवून कपाळावर गाठ मारायची. वीस मिनिटं तसंच घरात कामं करत फिरायचं. केस पिळायचे नाहीत.

माझे केस सत्तरी ओलांडल्यावरही कुरळे आहेत. माझ्या आईला वाटायचं मुलीचं कसं होणार. बाळकृष्णाचे कुरळे केस सगळ्यांना गोड वाटतात, मग पोरीचेच का बसवायचे, असं माझ्या आजोबांनी तिला विचारलं होतं. रानजाई, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा.


गंगापूररोडचा मुलगा

+१ आजी. आजच पंचा शोधतो.

पुरुषांनीही लिहावं म्हणून लिहितोय. मुलांना घरी काय सांगतात? "बारीक काप." दर महिन्याला न्हावी मशीन फिरवतो आणि कुरळे केस मुळात कसे दिसतात हे कॉलेज संपेपर्यंत कळतच नाही. मी लॉकडाउनमध्ये पहिल्यांदा वाढवले. केस कापणाऱ्याला सांगताना एवढं लक्षात ठेवा की कुरळा केस वाळला की आखडतो, ओल्यात दिसतो त्याहून बराच आखूड होतो. ओल्यात मापून कापला की वाळल्यावर कानाच्या वर जातो. शक्य असेल तर वाळलेल्या केसांवर, बट बट बघून कापायला सांगा. आणि 'थिनिंग'ची कात्री लावू देऊ नका. तिने कापलेले आखूड केस वर उभे राहतात आणि वरचा थर फुगतो.


कृष्णकमळ

हं, जेल. बाजारातलं जेल मुलांसाठी नको वाटत असेल तर जवसाचं घरी करा. आपल्याकडे जवस चटणीसाठी घरात असतोच.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं, नाहीतर तळाला बसतो. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होऊ लागतं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागली की लगेच गॅस बंद आणि लगेच गाळायचं. यात उशीर झाला की गाळता येत नाही, सगळं एकजीव गोळा होतो. गार झालं की अजून दाट होतं, म्हणून आचेवर थोडं पातळच वाटायला हवं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की टाकून द्यायचं, यात काटकसर नको.

लावायचं कधी? केस अजून ओले असताना, कंडिशनर धुतल्या धुतल्या. तळहातावर पसरून केसांवरून वरवर फिरवायचं आणि मग मुठीत दाबायचं. वाळल्यावर केस कडक लागतात, लेक घाबरेल. घाबरू नका. पूर्ण वाळले की दोन थेंब तेल हाताला चोळून त्याच बटा हलक्या दाबल्या की कडकपणा मोडतो आणि वळणं मऊ राहतात. पूर्ण वाळायच्या आधी मोडलंत तर फुलणार, हे नक्की.


जलबिंदू (सातपूर)

पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कामच पाणी तपासायचं आहे.

संबंध आहे. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे पावसाचं साठलेलं पृष्ठभागाचं पाणी. बोअरचं पाणी दगडातल्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. या दोन आकड्यांमध्ये केसांच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे. हे क्षार केसांवर बसतात, केस राठ लागतात आणि कंडिशनर लावूनही मऊ होत नाहीत.

घरी ओळखायचं तर बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बघा. साबणाला फेस येत नाही आणि बादलीत पांढरट साका तरंगतो, हीदेखील खूण. म्हणूनच बोअरच्या पाण्यात साबणाने केस धुऊ नका. शिकेकाईच्या नावाने मिळणारी वडीसुद्धा मुळात साबणच असते, तिचाही साका होतो आणि तो वळणांत अडकतो.

उपाय स्वस्तातले आधी. धरणाचं पाणी ज्या वेळेला येतं त्या वेळी दोन बादल्या भरून ठेवा आणि न्हाणं त्यानेच करा. तेही जमत नसेल तर निदान शेवटचा तांब्या प्यायच्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षारांना धरून सोडवणारा घटक) असलेला 'क्लॅरिफायिंग' किंवा 'कीलेटिंग' शाम्पू वापरला की बसलेले क्षार निघतात. नळाला लावायचे छोटे फिल्टर घेताना मात्र सावध राहा. त्यातले बरेच क्लोरीन आणि गाळ अडवतात, कठीणपणा कमी करत नाहीत. तो कमी करायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, आणि तो एका मुलीसाठी नाही, सोसायटीने मिळून बसवायची गोष्ट आहे. पुढच्या सभेत विषय मांडा, गिझरही वाचतील.


रानजाई

जलबिंदू, खूप खूप धन्यवाद. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर आहेच. पहाटे धरणाचं पाणी येतं तेव्हा बादल्या भरून ठेवते.

तेलाचं कोणीच बोललं नाही अजून. सासूबाई रोज विचारतात.


अबोली (नाशिक रोड)

तेल सोडू नका! मी या नव्या पद्धतींच्या विरोधात नाही, पण आपल्याकडचं सगळं चूक आणि बाहेरचं सगळं बरोबर असं नको. माका, आवळा, जास्वंद घालून कढवलेलं तेल मी आजही लावते.


कृष्णकमळ

अबोली, मीही तेलाच्या बाजूने आहे, फक्त कधी आणि कुठे एवढाच फरक.

२००३ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून पाहिली होती. धुताना आणि विंचरताना केसातली प्रथिनं झिजून जातात, ती झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. कारण त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. बाकी तेलं बरीचशी वरच राहतात. हे नीट वाचलं की आपल्या आज्यांचं बरोबर कुठे होतं ते कळतं: न्हाण्याआधी तेल. केस पाण्याने फुगायच्या आधीच तेल आत गेलेलं असतं, मग पाणी कमी शिरतं आणि केस कमी झिजतो.

पण न्हाल्यानंतर चोपडलेलं तेल केसांना पाणी देत नाही. धूळ धरतं, वळणं जड करतं आणि सिडको ते शाळा रिक्षात जाईपर्यंत केसांची दोरी होते. 'बसतील' म्हणून घातलेलं तेल केस बसवण्यासाठीच असतं, केसांच्या भल्यासाठी नसतं. मला यातलं हेच खुपतं. आपल्या घरांत कुरळे केस म्हणजे अव्यवस्थित मुलगी, असं धरून चाललेलं असतं, आणि तेलाची वाटी त्यासाठीच पुढे येते. सासूबाईंना सांगा, शनिवारी रात्री तुम्हीच लावून द्या, मुळापासून नाही, मधल्या लांबीपासून टोकापर्यंत. त्यांचाही मान राहील आणि केसांचंही भलं होईल.


दवाखाना_डायरी

त्वचारोग विभागात नर्स म्हणून काम केलंय, त्यातलं चार गोष्टी सांगते.

कोंडा असेल तर टाळूला तेल लावू नका. कोंड्याशी संबंध असलेली मॅलेसेझिया नावाची यीस्ट टाळूवरच्या तेलावरच जगते. 'कोरडी टाळू आहे, तेल लावा' असं म्हणून कोंडा वाढवून आलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. कुरळे केस कमी धुवावेत हे ऐकून काहीजणी दोन-दोन आठवडे शाम्पूच लावत नाहीत, तेही नको. केसांची लांबी कोरडी असते, टाळू नाही. टाळू वेळच्या वेळी स्वच्छ व्हायला हवी. खाज, पिवळट खपल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा.

केस गळण्याची भीती. रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य मानतात. सरळ केसांचे ते दिवसभर उशीवर, फरशीवर पडत राहतात, कुरळ्यात ते वळणांत अडकून राहतात आणि आठवड्याने विंचरलं की सगळे एकदम हातात येतात. रानजाई, तुमचा तो पुंजका बहुतेक हाच. टाळूवर विरळ जागा दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

वेण्या ओढून घालू नका. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस ओढीने गळतात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर परत येत नाहीत. वेणी घातल्यावर डोकं दुखत असेल किंवा कडेला बारीक पुटकुळ्या येत असतील तर वेणी घट्ट आहे.

आणि ते पार्लरचं केराटिन. केस सरळ करणाऱ्या अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलाय. 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलेल्या बाटलीतही मिथिलीन ग्लायकॉल असेल तर तापल्यावर तोच वायू निघतो. लहान मुलीच्या नाकातोंडाजवळ हे नकोच नको. रोज तो वायू घेणाऱ्या पार्लरच्या मुलींचाही विचार मनात येतो.

उवांचं विचारणार असाल तर, केसभर कंडिशनर लावून ओल्यात बारीक दातांच्या फणीने, दर काही दिवसांनी, असं दोन-तीन आठवडे. कुरळ्या केसांत आधी रुंद कंगव्याने गुंता काढल्याशिवाय फणी घालू नका.


जुई_एन

हा धागा वाचताना डोळ्यात पाणी आलं. मी पंचवीसची, आयटीत, सध्या पुण्यात, घर देवळाली कॅम्पला. पहिल्या 'बघण्याच्या' कार्यक्रमाच्या आधी आत्याने मला रिबाँडिंगला नेलं होतं. मुलाकडच्यांना फोटोतले केस आवडले. मला आरशातली मी आवडली नाही. ते स्थळ पुढे गेलं नाही, पण केस तसेच राहिले.

ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी लिहिते. रिबाँडिंगमध्ये केसातले डायसल्फाइड बंध रसायनाने तोडून सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. हे पाण्याने सुटणारे बंध नाहीत. त्यामुळे सरळ झालेला भाग कोणत्याही तेलाने, मास्कने पुन्हा कुरळा होत नाही, नवा केसच कुरळा उगवतो. महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर. खांद्यापर्यंत यायला दोन-अडीच वर्षं. मधल्या काळात वर कुरळे आणि खाली सरळ, आणि जोडावर केस सर्वांत कमजोर असतो, तिथेच तुटतो. एकतर थोडं थोडं कापत जा नाहीतर एकदम कापून टाका. मी एकदम कापले. आईने दोन दिवस अबोला धरला. आता तीच माझ्यासाठी जवस आणून ठेवते.

रानजाई, तुमच्या लेकीला मिथिला पालकरचे फोटो दाखवा. आपली मराठी मुलगी, तिचे कुरळे केस सगळ्यांना माहीत आहेत. मला त्या वयात पडद्यावर असं कोणी दिसलं असतं तर बरं झालं असतं.


त्रिरश्मी

फोटो दाखवाच, पण तिला पांडवलेण्यालाही न्या. तिथल्या बुद्धमूर्तींसमोर उभं करा आणि सांगा की बुद्धाचे केस लहान लहान, उजवीकडे वळलेल्या कुरळ्या वळ्यांचे दाखवायची शिल्पकारांची परंपरा शेकडो वर्षं चालत आली. पवित्र माणसाच्या डोक्यावर कुरळे केस कोरले आणि आशियाभर लोकांनी त्यापुढे हात जोडले. मुलांना अशी गोष्ट लक्षात राहते.


रानजाई

सगळ्यांना खूप मोठं धन्यवाद. थोडं लिहिते.

ओल्यात, कंडिशनरमध्ये विंचरायला सुरुवात केली. पहिल्याच वेळेला लेक रडली नाही. "झालं?" असं तिनेच विचारलं, मला दोन क्षण काही बोलता येईना. शनिवारचं तेल आजीच्या हातचं, ते दोघींनाही आवडलंय. जेल मात्र पहिल्यांदा चिकट गोळा झाला, गाळायला उशीर केला म्हणून. दुसऱ्यांदा बरं जमलं. केस वाळल्यावर कपाळावर दोन अगदी गोल बटा आल्या. तिने एक ओढून सोडली, ती परत जागेवर गेली, मग अर्धा तास तेच चाललं होतं. इतक्या वर्षांत तिचे केस असे आहेत हे आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं, कारण आम्ही ते वाळू दिले नव्हते.

आजेसासूबाईंनी तिला जवळ बोलावून स्वतःचा अंबाडा सोडून दाखवला. नव्वदीच्या घरातल्या बाईचे पांढरे, कुरळे केस. लेक म्हणाली, "आजी, तुझे माझ्यासारखे आहेत." त्या म्हणाल्या, "तुझे माझ्यासारखे आहेत."

शाळेच्या वेण्यांचं अजून सुटलेलं नाही.


कृष्णकमळ

किती छान! आजेसासूबाईंना नमस्कार.

शाळेसाठी मी भाचीला असं करते. सकाळी कोरड्यात कंगवा नाहीच. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर मिसळून ठेवायचं, तेवढ्याने केस दमट करायचे, बोटांनी भांग पाडायचा, सैल वेण्या. कडेच्या बारीक बटा सुटल्या तर सुटू द्या. रबर कापडी घ्या. वर्गशिक्षिकांशी एकदा बोला, नियम वेण्यांचा आहे, चप्प बसवलेल्या केसांचा नाही, हे बहुतेक शिक्षिका समजून घेतात. 'मॅगी'चंही त्याच वेळी सांगा, ते गमतीवर सोडून देऊ नका.

रात्री झोपताना साटिनची उशी. जुन्या साटिनच्या परकराचा अभ्रा शिवला तरी चालतो.


निफाडकर

थंडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे निफाडला पारा किती खाली जातो ते दरवर्षी पेपरात येतंच, नाशिकलाही डिसेंबर-जानेवारीत हवा अगदी कोरडी असते. ज्या जेलमध्ये, क्रीममध्ये ग्लिसरीन यादीच्या वर वर आहे ते त्या दिवसांत मला सोसत नाही. ग्लिसरीन ओलावा ओढतं, हवेत ओलावा नसला की केस चिकट तरी होतात नाहीतर राठ. भर पावसाळ्यात उलट, जास्त ओलावा ओढून केस फुगतात. मी दोन्ही टोकांच्या ऋतूंत जवसाचं जेल आणि मधल्या दिवसांत बाजारातलं वापरते. ज्याचं त्याने करून पाहावं, केसागणिक फरक पडतो. थंडीत केस ओले ठेवून बाहेरही पडू नका, ड्रायरला डिफ्युझर (हवा पसरवणारं पसरट तोंड) लावून कमी उष्णतेवर वाळवा.


पंचवटीकर आजी

आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारणार असाल तर आदल्या रात्री केसांना खोबरेल आणि सैल वेणी, म्हणजे रंग केसात मुरत नाही. आमच्या शनी चौकातली रहाड पेशव्यांच्या वेळची आहे. तो रंग डोक्यावर घेतलेले कुरळे केस धुवायला फार वेळ लागतो, पण लेकीला न्या हो नक्की.


अबोली

आजी, लिहून ठेवलं. कृष्णकमळ, शनिवारचं तेल मीही आता टोकांनाच लावते, टाळूला थोडं. फरक आहे.

रानजाई, लग्नाचं काय ठरलं मग?


रानजाई

लग्नाला केस मोकळेच सोडायचेत म्हणते, बाजूला एक गजरा. सरळ करायचं नाव गेल्या काही दिवसांत काढलेलं नाही, मीही विचारत नाही. पुढे पुन्हा काढेल कदाचित, मोठी झाल्यावर तिचं तिने ठरवावं. मला तिला पर्याय माहीत करून द्यायचे होते, ते झालं.

एक शेवटची शंका. जवसाचं जेल गाळायला तुम्ही काय वापरता? चहाची गाळणी पूर्ण तुंबते.


कृष्णकमळ

गाळणी नको. जुने नायलॉनचे पायमोजे स्वच्छ धुऊन ठेवा, त्यात ओता आणि वरून पिळत आणा, गरम असतानाच, हातात रबरी मोजे घालून. मलमलच्या कापडातून पण येतं, जरा जोर लागतो. लग्नाच्या दोन दिवस आधी ताजं करा आणि आदल्या रविवारी एकदा रंगीत तालीम घ्या. गजरा केस पूर्ण वाळल्यावर माळा, नाहीतर त्या बाजूच्या बटा चपट्या वाळतील.